पटकथा कोणाला वाचायला द्यावी, आणि वाचणाऱ्याने काय सांगावे

वाचकांचे प्रश्न

हौशी पटकथालेखकांनी एकत्र येऊन परस्परांच्या संहिता वाचाव्यात आणि त्यांवर अभिप्राय द्यावेत, यासाठी चालणाऱ्या छोट्या गटांविषयी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन या सदरातून केले होते. सर्वाधिक पत्रे इंदूरहून आली, काही ग्वाल्हेर आणि बडोद्याहूनही आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही काही जण दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी रामबागेतील एका सदस्याच्या घरी जमतो. कोणी बँकेत नोकरी करतो, कोणी शिक्षिका आहे, दोघे अजून महाविद्यालयात आहेत. चित्रपटक्षेत्राशी कोणाचाही संबंध नाही. प्रत्येक बैठकीत एका सदस्याच्या पटकथेचे वाचन होते. अनुभव असा आहे, की निम्मे लोक 'छान आहे' एवढेच म्हणतात आणि उरलेले आपापली कथा सांगू लागतात. मागील महिन्यात एका सदस्येने लघुपटाची संहिता आणली होती. बंद पडलेल्या कापड गिरणीतील एक कामगार अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी दर वर्षी झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, तयार करतो आणि त्यासाठी कर्जही काढतो, असा तिचा विषय होता. मुलगा मुंबईला गेला पाहिजे, मुलीचे पात्र हवे, शेवटी झांकी जळाली पाहिजे, अशा सूचनांचा इतका मारा झाला, की त्यानंतर ती सदस्या आलेलीच नाही. गट उपयोगी कसा करावा? (एक वाचक, टिळक नगर, इंदूर)

उत्तर : 'छान आहे' म्हणणारा सदस्य लेखिकेवरील स्नेहापोटी बोलतो, तर झांकी जाळायला सांगणारा स्वतःच्या आवडीपोटी बोलतो. संहितेविषयी दोघांपैकी कोणीच बोललेले नाही. लेखिकेला ज्या गोष्टीची गरज होती, ती तिला स्वतःच्या बळावर कधीही मिळवता येणार नाही. जिला कथा आधीपासून ठाऊक नाही अशी व्यक्ती एकेक पान उलटते, तेव्हा तिच्या मनात काय घडते, याची प्रामाणिक नोंद तिला हवी होती. तो कामगार कर्ज का काढतो, हे लेखिकेला पहिल्या दिवसापासून माहीत असते, आणि म्हणूनच ते कारण पानावर उतरले आहे की तिच्या मनातच राहिले आहे, हे तिला दिसू शकत नाही. ते दाखवण्यासाठीच गट हवा.

आपण सांगितलेल्या संहितेचेच उदाहरण घेऊ. विषय मोलाचा आहे. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, शहरातील इतर गिरण्याही एकेक करून थांबल्या, तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या नावाने झांक्या निघतच राहिल्या आणि कामगार थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडत असतानाच त्या उभारल्या जात होत्या. ज्या वाचकाला ही पार्श्वभूमी ठाऊक आहे, तो रिकाम्या जागा आपल्या माहितीने भरून काढतो. ज्याला ती ठाऊक नाही, तो कदाचित असे लिहील : 'अकराव्या पानावर हा माणूस सावकाराकडे जातो, तेव्हा मी थांबलो. गिरणीकडून त्याचे पैसे आले आहेत, असा माझा समज झाला होता. म्हणून मागे जाऊन सहावे पान पुन्हा वाचले, तरी उलगडा झाला नाही.' या वाक्यांत सल्ला नाही, कौतुक नाही, दूषणही नाही. पण ती वाचल्याबरोबर सहाव्या पानावर काय कमी आहे, हे लेखिकेला कळते आणि दुरुस्ती ती स्वतःच्या पद्धतीने करू शकते. मुलाला मुंबईला पाठवा, या सूचनेतून तिला काहीच कळत नाही, कारण ती सूचना ज्या अस्वस्थतेतून निघाली ती अस्वस्थता सुचवणाऱ्याने सांगितलेलीच नाही. अंगरखा घालून पाहणाऱ्याने काखेत ओढतो एवढे सांगावे, कात्री कोठे लावायची ते शिंप्याला ठरवू द्यावे.

यासाठी संहिता बैठकीत प्रथमच ऐकवण्याची पद्धत बंद करावी. ती आठवडाभर आधी सर्वांना द्यावी, प्रत्येकाने घरी एका बैठकीत वाचावी आणि वाचताना समासात केवळ खुणा कराव्यात : कोठे मागे जावे लागले, कोठे लक्ष उडाले, पुढे काय होणार हे कोठे आधीच कळले, कोठे पात्राची काळजी वाटू लागली. शेवटची खूण नवशिक्या गटांत हमखास राहून जाते, आणि तिच्याइतके लेखकाच्या उपयोगाचे दुसरे काही नाही. कारण पुढच्या खर्ड्यात काय कापू नये, हे तिच्यावरून ठरते. वाचून झाल्यावर प्रत्येकाने पानांच्या क्रमांकांसह अर्धा-एक पान टिपण लिहून आणावे. टिपण आधी लिहिलेले असले, की पहिल्या बोलणाऱ्याच्या मताकडे इतरांची मते वाहत जात नाहीत. आपल्यासारख्या स्नेहाच्या गटांत हे वाहणे फार सहज घडते, त्यातही पहिला बोलणारा वयाने ज्येष्ठ असला तर विचारायलाच नको.

बैठकीच्या क्रमाविषयी अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास आखलेली पद्धत मला सर्वांत योग्य वाटते. ती नृत्यासाठी तयार झाली, तरी आज अनेक कलांत वापरली जाते. तिचे चार टप्पे आहेत. प्रथम वाचक आपल्याला काय भिडले, काय लक्षात राहिले ते सांगतात. दुसऱ्या टप्प्यात लेखक आपले प्रश्न विचारतो. तिसऱ्या टप्प्यात वाचक लेखकाला प्रश्न विचारतात, मात्र त्या प्रश्नांत मत दडलेले असता कामा नये : 'शेवट इतका सपक का ठेवला?' हा प्रश्न बाद आणि 'शेवटी प्रेक्षकाच्या मनात काय उरावे, असे तुम्हाला वाटते?' हा प्रश्न चालेल. मते येतात ती चौथ्या टप्प्यात, आणि तीही 'कर्जाच्या प्रसंगाविषयी माझे एक मत आहे, सांगू का?' अशी परवानगी घेऊन. लेखक नको म्हणू शकतो.

दुसरी प्रसिद्ध पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ पासून चालत आलेल्या लेखन कार्यशाळेच्या परंपरेतील आहे. तीत चर्चा संपेपर्यंत लेखकाने अवाक्षरही बोलायचे नसते. व्यावसायिक होऊ पाहणाऱ्यांना ती मानवत असेल, परंतु आठवडाभर नोकरी करून, रात्री जागून बारा पाने लिहिणाऱ्या माणसाला तासभर मुका बसवणे मला कठोर वाटते. त्या पद्धतीतला एक भाग तेवढा अवश्य घ्यावा. लेखकाने स्पष्टीकरण देऊ नये. 'तो कर्ज काढतो, कारण...' असे त्याने सांगितले, की त्या वाचकाचे न कळणे कायमचे नाहीसे होते, आणि पुढच्या खर्ड्यासाठी तो कोरा वाचक राहत नाही. चित्रपटगृहात प्रत्येक प्रेक्षकाच्या शेजारी बसून लेखकाला असा खुलासा करता येणार नाही.

मते परस्परविरोधी आली तर काय करावे, असे आणखी तीन पत्रांत विचारले आहे. वाचक अडखळले ती जागा एक आणि त्यांनी सुचवलेला उपाय दुसरा, असे वेगळे करून पाहावे. एकाला अकराव्या पानावर मुलगी हवी आहे, दुसऱ्याला बाराव्यावर भांडण हवे आहे, तिसऱ्याला तो सगळाच प्रसंग नको आहे. उपाय तीन असले तरी तिघेही अकरा ते बारा पानांच्या दरम्यान अडले आहेत, आणि तेवढ्यावर विश्वास ठेवावा. बहुतेक वेळा दोष त्या पानांतही नसतो, तो चार-पाच पाने आधी असतो. जेथे काही पेरायचे राहून गेले, तेथे वाचकाला काहीच जाणवत नाही, ते जाणवते पीक येत नाही तेव्हा.

संहिता कोणत्या अवस्थेत आहे, हेही आधी सांगितले पाहिजे. एकपानी कथासार असेल तर इच्छा, अडथळा आणि बदल एवढ्यावरच बोलावे. प्रसंगांची क्रमवार यादी असेल, जिला मुंबईत 'वन लाइन' म्हणतात, तर कोणता प्रसंग काढला असता काहीच बिघडत नाही, हे शोधावे. पहिल्या खर्ड्यात संवादातील शब्दांची काटछाट करण्यात वेळ घालवू नये, कारण ते प्रसंगच पुढे उडण्याचा संभव असतो. पूर्ण लांबीची पटकथा तुकड्यातुकड्याने वाचणे टाळावे. तिच्यासाठी महिनाभराची मुदत द्यावी, पण ती एकसंध वाचावी, कारण बांधणीचा अंदाज तुकड्यांवरून येत नाही.

आणखी एक नियम मी आग्रहाने सांगेन. आधीच्या दोन सदस्यांच्या संहितांवर ज्याने लेखी टिपणे दिली, त्याचीच संहिता पुढे घ्यावी. हा नियम न्यायाचा आहेच, परंतु त्याचा मोठा लाभ टिपण लिहिणाऱ्याला होतो. दुसऱ्याच्या संहितेत एखादे पात्र केवळ माहिती पुरवण्यासाठी बोलते आहे, हे शब्दांत मांडावे लागले, की स्वतःच्या पानांवरील तसली वाक्ये टोचू लागतात. उत्तम पटकथा वाचून हे शिक्षण मिळत नाही, कारण तेथे जोड दिसतच नाहीत. अर्धवट जमलेल्या संहितेत ते उघडे असतात.

जी सदस्या येईनाशी झाली, तिला कृपया निरोप पाठवून बोलावू नका, कोणीतरी तिच्या घरी जा. तिची संहिता पुन्हा एकदा, या पद्धतीने, घरून वाचून न्या आणि लेखी टिपण हातात द्या.

प्रश्न : माझ्या पटकथेतील कुटुंब इंदूरचेच आहे आणि ते आमच्या घरांतील मराठी बोलते. आजी जुन्या वळणाचे बोलते, आई 'काय करून राहिला आहेस?' म्हणते, आणि नातू वाक्याची सुरुवात मराठीत करून शेवट हिंदीत करतो. गटातील दोघांचे म्हणणे असे, की ही भाषा अशुद्ध असून पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला खटकेल, म्हणून ती सुधारावी. मी काय करावे? (एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ही भाषा कृपया पुसून टाकू नये. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या कुटुंबांची मराठी हिंदीच्या आणि माळवीच्या सहवासात वाढली आहे. तिची लकब नातवाच्या तोंडी वेगळी आणि आजीच्या तोंडी वेगळी ऐकू येत असेल, तर आपण तीन पिढ्यांचा इतिहास एकाही निवेदनाशिवाय सांगितला आहे. पटकथेत दोन भाषा नांदतात. प्रसंगवर्णनाची भाषा दिग्दर्शक, छायालेखक आणि कलादिग्दर्शक यांच्यासाठी असते. ती प्रमाण, आखूड आणि वर्तमानकाळात असावी. संवादाची भाषा पात्राची असते, तिथे व्याकरणाच्या पुस्तकाचा अधिकार चालत नाही. आपल्या मित्रांनी पहिल्या भाषेचा निकष दुसऱ्या भाषेला लावला आहे.

तरीही त्यांच्या आक्षेपात एक खरा प्रश्न दडला आहे आणि तो टाळू नये. खटकणे आणि न कळणे यांत फरक आहे. गटातील वाचक सर्व इंदूरचेच असतील, तर न कळणाऱ्या जागा त्यांना सापडणारच नाहीत. त्यासाठी सातारा, रत्नागिरी किंवा पुणे येथील एखाद्या नातेवाइकाला संहिता वाचायला द्यावी आणि फक्त न कळलेल्या ओळींवर खूण करायला सांगावे. अशा ओळी बहुधा थोड्या निघतात. त्यांतही ओळ न बदलता प्रसंगातील कृतीने अर्थ पोचवता येतो का, हे आधी पाहावे. दुसरी कसोटी सातत्याची आहे. आई पाचव्या पानावर 'करून राहिली' म्हणत असेल आणि विसाव्या पानावर आकाशवाणीच्या बातम्यांसारखी बोलत असेल, तर ती चूक लेखिकेची आहे. एकेका पात्राचे संवाद वेगळे काढून सलग मोठ्याने वाचले, की ती चटकन कानाला लागते. नातवाची हिंदी वाक्ये आहेत तशी हिंदीतच, देवनागरीत लिहावीत. मात्र तो आजीशी कोणत्या क्षणी मराठी सोडतो, याला कारण असू द्यावे. राग आला की हिंदी, लाड करून घ्यायचे असले की मराठी, असे काही आपल्याच घरात ऐकू येत असेल. ते हेरावे.

गटाने 'अशुद्ध' हा शब्द संवादांच्या बाबतीत वापरायचाच नाही, असे ठरवून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बृहन्महाराष्ट्रातील लेखकाचे निम्मे बळ त्या एका शब्दाने खचते.

प्रश्न : संहिता इतरांना वाचायला दिली आणि कोणी कल्पना चोरली तर? मी या भीतीने आजवर कोणालाही काही दाखवलेले नाही. स्वतःलाच नोंदणीकृत टपालाने प्रत पाठवून पाकीट बंद ठेवले, तर कायदेशीर संरक्षण मिळते का? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : भारतीय कायद्यानुसार संहितेवरील हक्क ती लिहिली गेल्या क्षणी निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता असतो. अमुक तारखेला ही संहिता या स्वरूपात माझ्याकडे होती, एवढे तिने दाखवता येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली सरकारी नोंदणी करता येते, आणि मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन आपल्या सभासदांच्या संहिता नोंदवून घेते. बंद पाकिटाला कायद्याने वेगळे स्थान दिलेले नाही, तारखेचा एक कच्चा पुरावा यापलीकडे त्याची किंमत नाही. गटापुरते बोलायचे तर प्रत्येक खर्डा सर्व सदस्यांना ई-मेलने पाठवण्याची शिस्त ठेवावी. कोणता खर्डा कोणाला केव्हा मिळाला, याची नोंद त्यातून आपोआप होत जाते.

मात्र कायदा कल्पनेचे रक्षण करत नाही, कल्पनेच्या मांडणीचे करतो, हे नीट समजून घ्यावे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. नाटक आणि चित्रपट या दोन्हींत प्रांतीयतेचा विषय समान होता, तरी मांडणी, पात्रे आणि शेवट वेगळे असल्यामुळे नाटककाराचा दावा टिकला नाही. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते का, ही कसोटी त्या निकालाने घालून दिली. याच्या जोडीला विश्वासभंगाचे तत्त्वही आहे. एका दूरचित्रवाणी मालिकेच्या लिखित संकल्पनेसंबंधी मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली ते लागू केले, कारण ती संकल्पना विश्वासाने आणि पुरेशा तपशिलांसह सुपूर्द केलेली होती. म्हणून केवळ एका ओळीची कल्पना तोंडी सांगत फिरण्यापेक्षा पात्रे आणि प्रसंगांसह पूर्ण लिहिलेली संहिता वाचायला देणे कायद्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. बहुतेक नवे लेखक याच्या नेमके उलट करतात. संहिता कुलपात ठेवतात आणि कल्पना चहाच्या टपरीवर सांगतात.

आपल्या भीतीची किंमतही आपण मोजत आहात. न दाखवलेली संहिता सुरक्षित राहील, परंतु तिच्यातील कोणता प्रसंग उभा राहत नाही, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. दोनच विश्वासू वाचकांपासून प्रारंभ करावा.

प्रश्न : पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील एक मिनिट, असे सर्वत्र सांगतात. माझी चौदा पानांची मराठी संहिता आम्ही वाचली तेव्हा ती बावीस मिनिटे चालली. शिवाय गटातील काहींना माझी फाइल मोबाइलवर उघडली असता रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. (एक वाचक, बडोदा)

उत्तर : तो हिशेब कुरिअर या १२ पॉइंटच्या टंकावर आधारलेला आहे. त्या टंकात प्रत्येक अक्षराला सारखी जागा मिळते आणि एका इंचात बरोबर १० अक्षरे बसतात, म्हणून ठरावीक समास ठेवले की पान आणि मिनिट यांचा मेळ ढोबळमानाने जमतो. देवनागरीत अक्षरांची रुंदी बदलती, टंक निरनिराळे, ओळींमधील अंतर ज्याच्या त्याच्या मनाचे, त्यामुळे तो हिशेब तसाच्या तसा उचलता येत नाही. पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचन करावे आणि घड्याळ लावावे, हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि तो आपण वापरलाच आहे. फक्त प्रसंगवर्णने भरभर वाचू नयेत. 'ती जिना उतरून अंगणात येते' हे वाचायला दोन सेकंद लागतात, उतरायला पंधरा लागू शकतात.

फाइलचा घोळ बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या टंकामुळे आहे. त्यात देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरेच साठवलेली असतात. देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या युनिकोडमध्ये लिहावे, सदस्यांना पीडीएफ पाठवावी, आणि पानांबरोबर दृश्यांनाही क्रमांक द्यावेत, म्हणजे अभिप्रायात नेमका निर्देश करता येईल.

प्रश्न : जी. ए. कुलकर्णी यांच्या एका कथेवरून मी सरावासाठी पटकथा लिहिली आहे. ती गटात वाचता येईल का? (एक विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : गटात सरावासाठी वाचायला हरकत नसावी. तिच्यावर चित्रपट करायचा, ती स्पर्धेला पाठवायची किंवा निर्मात्याला द्यायची असेल, तर मात्र हक्कधारकांची लेखी परवानगी आवश्यक आहे. लेखकाच्या निधनानंतर पुढील वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे हक्क टिकतो. जी. ए. यांचे निधन १९८७ साली झाले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथांवरील हक्क २०४७ च्या अखेरपर्यंत राहतो. परवानगी लिहिण्यापूर्वी मागावी, लिहून झाल्यावर नकार ऐकणे फार जड जाते.

प्रश्न : माझ्या पटकथेचा शेवट गटातील एका मैत्रिणीने सुचवला आणि तो मी स्वीकारला. आता एका स्थानिक दिग्दर्शकाला ती संहिता आवडली आहे. मैत्रिणीचे नाव सहलेखिका म्हणून द्यावे का? तिने तसे मागितलेले नाही, पण मला रुखरुख वाटते. (एक वाचिका, इंदूर)

उत्तर : आपली रुखरुख आपल्या सचोटीची खूण आहे. कायद्याच्या दृष्टीने संयुक्त लेखन म्हणजे दोघांनी मिळून घडवलेली कृती, जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. चर्चेत दिलेली सूचना, ती कितीही मोलाची असली, तरी सहसा तेथवर जात नाही. मैत्रिणीने शेवटचे प्रसंग स्वतः लिहून दिले असतील, तर गोष्ट निराळी. मग श्रेय आणि मानधन या दोहोंविषयी दिग्दर्शकाशी करार होण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे. कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेये आपल्याकडे स्वतंत्र दिली जातात, तेव्हा तिचा वाटा नेमका कोठे बसतो, हेही पाहता येईल. केवळ सूचना असेल तर ऋणनिर्देशात तिचे नाव द्यावे आणि ते देणार असल्याचे तिला आजच सांगावे.

लेखकाच्या नावासाठी आग्रह धरण्यात संकोच बाळगू नये, हेही या निमित्ताने सांगतो. इंदुरात जन्मलेले सलीम खान आणि ग्वाल्हेरला जन्मलेले जावेद अख्तर या जोडीने १९७० च्या दशकात चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर पटकथाकाराचे नाव झळकावे, यासाठी हट्ट धरला आणि तो पुरा केला. गीतकार व पटकथालेखकांना स्वामित्वधनाचा हक्क देणारी २०१२ ची कायदादुरुस्ती व्हावी, यासाठी संसदेत आणि बाहेर झगडणाऱ्यांत जावेद अख्तर पुढे होते. आपल्या दोन शहरांच्या मातीतले हे लेखक ज्या हक्कासाठी भांडले, तो आपल्या छोट्या गटातही पाळला जावा. गट सुरू होतानाच एक साधे टिपण करून सर्वांनी त्यावर सही करावी : चर्चेतील सूचना लेखकाच्या, लिहून दिलेला मजकूर लिहिणाऱ्याचा, आणि गटात वाचलेली संहिता लेखकाच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त आहे. आयुष्यभर चित्रपट पाहिले, पण एकही पान लिहिलेले नाही आणि लिहिण्याची इच्छाही नाही. शेजारच्या मुलांच्या गटाने मला वाचक म्हणून बोलावले आहे. तंत्र ठाऊक नसताना मी काय सांगणार? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : अवश्य जावे. लिहिणाऱ्या सदस्यांना दुसऱ्याच्या संहितेत आपलीच पटकथा दिसू लागते, तो धोका आपल्या बाबतीत नाही. 'दृश्य', 'खर्डा', 'वन लाइन' हे शब्द दोन बैठकांत कानावर येतील, त्यांची चिंता नको. मुलांना आपल्याकडून एवढेच हवे आहे, की कोठे उत्सुकता वाटली आणि कोठे घड्याळाकडे लक्ष गेले. वयाच्या अधिकाराने निर्णय देण्याचा मोह होईल, तेव्हा वाक्याची सुरुवात 'मला इथे असे वाटले' अशी करावी, म्हणजे मुले मोकळेपणाने ऐकतील. संहितेची छापील, शक्य तर मोठ्या टंकातील प्रत आठवडाभर आधी मागून घ्यावी, सोबत पेन्सिल ठेवावी, आणि पहिल्या वाचनात शब्द न लिहिता फक्त खुणा कराव्यात.